कड्यावरचे स्पीकर उतरवा

प्रति,
राष्ट्रीय उद्यानं, अभयारण्यं आणि डोंगरवाटा यांचं नियोजन ज्यांच्या हाती आहे ते अधिकारी, सल्लागार आणि व्यवस्थापक यांस,

सप्रेम नमस्कार.

ज्या वाटेवर मी वर्षानुवर्षं चालत आले, तिच्या माथ्यावर, ऐन कड्यापाशी, गेल्या हंगामात चार स्पीकर बसले. कातळाला ड्रिलने भोकं पाडून, पोलादी पट्ट्या ठोकून. त्यांतून बासरी वाजते. बासरी थांबली की एक गोड आवाज सांगतो की आपण समुद्रसपाटीपासून अमुक उंचीवर आहात, कठड्याला टेकू नका, सेल्फी पॉइंट डावीकडे आहे. मग पाखरांचा किलबिलाट सुरू होतो. रेकॉर्ड केलेला. शेजारच्या झुडपात एक खराखुरा पक्षी होता, तो मात्र चिडीचूप. हा कोण नवा गडी आला, असं त्याला वाटलं असावं.

हा झाला पहिला टप्पा. दुसऱ्यात कड्याबाहेर काढलेला काचेचा सज्जा आहे, रात्री कड्यावर सोडायचे रंगीत झोत आहेत आणि पायथ्यापासून थेट माथ्यापर्यंत रोपवे आहे. हरकती मागवल्या होत्या, म्हणून मी रीतसर हरकत नोंदवली. पोच आली, पाठोपाठ उत्तरही आलं, एका ओळीचं: सदर सुविधा पर्यटकांच्या मागणीनुसार आहेत.

जागेचं आणि कार्यालयाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. एका साहेबाशी भांडण असतं तर त्यांच्या दारात जाऊन भांडले असते. पण असे प्रस्ताव जगभर पुढे येत असतात, त्यांची भाषा सगळीकडे सारखीच असते, आणि म्हणून हे पत्र तुम्हा सगळ्यांना आहे.

माझा यात संबंध काय, तेही सांगते. मी कर्मकांडातली बाई नाही. प्रार्थना म्हणायला बसले की चार ओळींत मन उठून दुसरीकडे जातं. त्या कड्यावर मात्र ते जात नाही. त्या जागेची रचनाच तशी आहे. कडा शेवटपर्यंत दिसत नाही. अखेरचा अर्धा तास गच्च रान. वाट मुळांवरून चढत जाते, त्यामुळे नजर पायाखाली, दम लागलेला, गप्पा केव्हाच थांबलेल्या. ओल्या खोडांवर शेवाळ, कातळावर दगडफुलाचे राखाडी-हिरवे गोल. काही जातींचं दगडफूल वर्षाला मिलिमीटरभरसुद्धा वाढत नाही. त्यातला हाताच्या पंजाएवढा गोल दिसला तर तो बहुधा आपल्याहून वयाने मोठा. आणि मग दोन झाडांमधून पाऊल बाहेर टाकलं की जमीन संपते. समोर काही नाही. खाली दरीभर ढग, आणि ते ढग भिंतीवरून वर चढताहेत. कड्यावर आपटलेला वारा सरळ वर येतो, त्यामुळे पाऊस असला तर थेंब खालून तोंडावर उडतात.

हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझे पाय लटपटले. मी खाली बसले आणि बसल्या बसल्या मागे सरकले. भीती होतीच, पण नुसती भीती असती तर उठून परत फिरले असते. विश्वरूप बघताना अर्जुन हरखलाही आणि घाबरलाही, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. दोन्ही एकाच वेळी कसं होतं, ते मला तिथे कळलं. किती वेळ बसले होते कोण जाणे. उठले तेव्हा डोक्यात कसलीही तक्रार उरली नव्हती, आणि ज्यांना बरेच दिवस फोन केला नव्हता अशा दोन माणसांची आठवण येत होती. याला कुणी देव म्हणेल, कुणी निसर्ग म्हणेल, कुणी मेंदूतली रसायनं म्हणेल. मी त्या वादात पडत नाही. पण जे घडतं ते खरं आहे आणि ते तुमच्या ताब्यातल्या जागांवर घडतं.

तुमच्या अहवालात याला रकाना नाही. येणारे किती, गाड्या किती, शौचालयं किती, महसूल किती, सगळं आहे. आणि हे मोजता येत नाही म्हणावं, तर लोक मोजताहेत. डॅकर केल्टनर आणि जोनाथन हाइट या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली या विस्मयाची दोन लक्षणं मांडली: समोरचं काहीतरी आपल्या आवाक्यापलीकडचं अफाट असतं, आणि ते मनात मावत नाही म्हणून मनालाच आपली जुनी चौकट बदलावी लागते. पुढे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी या राष्ट्रीय उद्यानात आलेल्या आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या गजबजलेल्या धक्क्यावर आलेल्या पर्यटकांना स्वतःचं चित्र काढायला सांगितलं. योसेमिटीतल्या लोकांनी स्वतःला लहान काढलं. २०२० सालचा आणखी एक प्रयोग मला फार आवडतो. साठी ओलांडलेल्या लोकांना आठ आठवडे, आठवड्यातून एकदा, पंधरा मिनिटं चालायला सांगितलं. त्यातल्या एका गटाला सूचना होती की चालताना नवलाच्या गोष्टींकडे लक्ष द्या. दर फेरीला सगळ्यांनी आपापले सेल्फी काढायचे होते. या गटाच्या सेल्फींत आठवड्यागणिक चेहरा कमी जागा व्यापू लागला आणि मागचा देखावा वाढत गेला. हसू मात्र वाढलं.

साहेब, तुमचा सेल्फी पॉइंट नेमका याच्या उलट दिशेने बांधलेला आहे. हृदयाच्या आकाराची चौकट, मध्ये माणूस, आणि दरी कुठेतरी कोपऱ्यात.

आता तक्रारी. पहिली आवाजाची, आणि ती मी सगळ्यांत वर ठेवते, कारण बाकीच्या गोष्टी पुढेमागे हटवता येतात असं तुम्ही म्हणाल, पण आवाज ज्या क्षणी होतो त्या क्षणीच समोरच्याचं जे जायचं ते जातं. डेसिबलचं गणित फसवं असतं. नुसते ३ डेसिबल वाढले तरी ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते. २०१७ साली अमेरिकेतल्या संरक्षित क्षेत्रांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथल्या ६३ टक्के क्षेत्रांत माणसाच्या गोंगाटामुळे पार्श्वभूमीचा आवाज दुपटीवर गेल्याचं त्यात दिसलं. तो आवाज रस्त्यांचा, विमानांचा, यंत्रांचा. म्हणजे जो टाळता आला नाही असा. आपण तर पैसे खर्चून, निविदा काढून, कातळ फोडून आवाज वर नेऊन बसवतोय.

उलट बाजूचं उदाहरणही आहे आणि ते अगदी स्वस्त आहे. कॅलिफोर्नियात म्यूर वुड्स नावाचं, रेडवुड या प्रचंड उंच झाडांचं रान आहे. तिथल्या कॅथीड्रल ग्रोव्ह या भागात संयुक्त राष्ट्रांच्या स्थापनेसाठी जमलेले प्रतिनिधी १९ मे १९४५ रोजी अमेरिकेचे नुकतेच वारलेले राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांना आदरांजली वाहायला गेले होते. मोठं सभागृह मिळालं नसतं असं नाही. झाडांखाली उभं राहावंसं वाटलं. पुढे संशोधकांनी याच भागात काही दिवस नुसत्या पाट्या लावून पाहिल्या: इथे शांतता पाळा. पहारेकरी नाहीत, दंड नाही. आवाज सुमारे ३ डेसिबलने उतरला, आणि ही कल्पना लोकांना मान्य होती. पर्यटकांची मागणी म्हणजे नक्की काय, हे विचारताना कधी शांततेचा पर्याय तुमच्या प्रश्नावलीत होता का? मी ती प्रश्नावली पाहिली आहे. 'संगीत कोणत्या प्रकारचं हवं' असा प्रश्न होता. 'संगीत हवं का' असा नव्हता.

ड्रोनबद्दल फार लिहीत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेने २०१४ सालीच ते आपल्या हद्दीत बंद केले. डासासारखं ते भुणभुणणं एकदा डोक्यावर ऐकलं की पुढचं सांगावं लागत नाही.

दुसरी तक्रार रोपवेची. इथे मला जपून बोलायला हवं, कारण समोरून लगेच प्रश्न येतो: ज्यांना चालता येत नाही त्यांनी काय करायचं? प्रश्न अगदी रास्त आहे. पण तो विचारणाऱ्यांच्या प्रस्तावात रोपवेच्या वरच्या स्थानकात दुकानांचे गाळे आहेत आणि स्थानकापासून कड्यापर्यंत पायऱ्या आहेत. माझी एक मैत्रीण व्हीलचेअर वापरते. प्रस्तावाचा नकाशा मी तिच्यापुढे ठेवला. तिने पायऱ्यांवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "माझं नाव पुढे करून हे कुणासाठी बांधताहेत गं?" तिला हवी आहे खालच्या रानातली सपाट, पक्की, कमी चढाची वाट, ओढ्यापर्यंत जाणारी, आणि तिथेही स्पीकर नसलेली. ती वाट रोपवेच्या अंशभर खर्चात होईल. तिची मागणी कुणी नोंदवलेली नाही.

बाकीच्यांसाठी सांगायचं तर चढण ही अडचण समजून काढून टाकायची वस्तू नव्हे. तिथे जे काही होतं त्यातला निम्मा भाग चढणीवर होतो. पहिल्या तासाला माणूस कामाचं बोलत असतो. दुसऱ्याला घरचं. तिसऱ्याला गप्प होतो. श्वास आणि पाऊल एका तालात येतं, अंगावरचा घाम वाऱ्याने गार होतो, आणि डोकं हळूहळू रिकामं व्हायला लागतं. मग कडा समोर येतो तो अशा रिकाम्या डोक्यापुढे. काचेच्या डब्यातून सात मिनिटांत वर आलेल्या माणसाला तोच देखावा दिसतो, यात वाद नाही. पण तो खालच्या गाडीतलं बोलणं तसंच वर घेऊन येतो आणि ते पुरं व्हायच्या आत परतीची फेरी लागते.

आणि नाही म्हणता येतं. अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यन या प्रचंड दरीत कोलोरॅडो आणि लिटल कोलोरॅडो या नद्यांच्या संगमापर्यंत पर्यटकांना उतरवणाऱ्या तारमार्गाचा प्रस्ताव होता. रोजगाराचं आश्वासन होतं, आणि तिथल्या मूळ रहिवासी नवाहो लोकांना रोजगाराची गरजही होती. तो संगम नवाहो, होपी, झुनी अशा अनेक समाजांसाठी पवित्र आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये नवाहो परिषदेने तो प्रस्ताव १६ विरुद्ध २ मतांनी फेटाळला. ज्यांच्या पोटाचा प्रश्न होता त्यांनी हे ठरवलं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

तिसरी, रात्रीच्या झोतांची. अंधाराला डोळा पुरता सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि एक पांढरा झोत ती सगळी कमाई क्षणात घालवतो. माथ्यावर मुक्काम करून ज्याने आकाशगंगा क्षितिजापासून क्षितिजापर्यंत पाहिली आहे, त्याला जांभळ्या रंगात न्हालेला कडा काय दाखवता? युटा राज्यातलं नॅचरल ब्रिजेस हे २००७ साली जगातलं पहिलं आंतरराष्ट्रीय अंधार-आकाश उद्यान ठरलं. तिथला अंधार ही आता लोकांना तिकडे नेणारी एक गोष्ट झाली आहे. अंधार सांभाळायला बहुतेक वेळा दिवे न लावणं एवढंच पुरतं, पण न केलेल्या कामाचं उद्घाटन होत नाही, ही अडचण मला समजते.

चौथी तक्रार जराशी अवघड आहे. पावित्र्य हा शब्द तुमच्या कागदांत फक्त तिथे येतो जिथे इमारत आहे. देऊळ, मठ, चर्च, कबर असेल तर नियम लागू. नुसता डोंगर असेल तर तो 'विकासक्षम' असतो. पण जगात कितीतरी माणसांसाठी डोंगरच देव आहे, आणि कितीतरी माणसं, माझ्यासारखी, कुठल्याही यादीत न बसता तिथे नतमस्तक होतात. ऑस्ट्रेलियातल्या उलुरू खडकावर चढायला १९६४ साली साखळी ठोकली होती. तिथले मूळ रहिवासी अनंगू, ज्यांच्यासाठी तो खडक पवित्र, वर्षानुवर्षं विनवत होते की चढू नका. २६ ऑक्टोबर १९८५ रोजी जमीन त्यांच्या नावावर परत झाली, आणि बरोबर त्याच तारखेला २०१९ साली चढाई कायमची बंद झाली. साखळीही काढली. आता लोक पायथ्याभोवतीच्या सुमारे १० किलोमीटरच्या वाटेने खडकाला वळसा घालतात. १९५५ साली कांचनजंगावर पहिल्यांदा पोचलेले जॉर्ज बँड आणि जो ब्राउन शिखराच्या ऐन टोकाला पाय न लावता खाली उतरले, कारण सिक्कीमच्या राजाला तसं वचन दिलेलं होतं. इतकं मरणाचं चढून गेल्यावर चार पावलं राखून ठेवायची, याला काय लागत असेल? आपल्याला तेवढं करायचं नाही. फक्त कातळात भोकं पाडायची नाहीत. एका स्पीकरचा बोल्ट मी वर सांगितलेल्या दगडफुलाच्या गोलातून आरपार गेला आहे. बाजूचा सगळा भाग आता भुसभुशीत होऊन सुटायला लागलाय.

गर्दीवर मर्यादा घालण्याला माझा पाठिंबा आहे, ती माझ्यावरही लागू होणार हे ठाऊक असून. जपानच्या फुजी पर्वतावर जाणाऱ्या योशिदा वाटेवर २०२४ पासून दिवसाला ४,००० जणांची मर्यादा आहे, योसेमिटीतल्या हाफ डोम या उभ्या कातळावर तारा धरून चढायला दिवसाला साधारण ३०० जणांना सोडतीने परवाना मिळतो. सोडतीत माझा नंबर नाही लागला तर मी पुढच्या वर्षी जाईन.

मला उत्तर मिळेल ते ठाऊक आहे: हे मूठभर हौशी लोकांचे लाड आहेत, सामान्य माणसाला करमणूक हवी असते. हा सामान्य माणसाचा अपमान आहे असं माझं स्पष्ट मत आहे. जो आयुष्यात पहिल्यांदा आणि कदाचित एकदाच त्या कड्यावर येणार आहे, त्याचा त्या शांततेवर माझ्याहून जास्त हक्क आहे. मी निदान स्पीकरआधीचा कडा पाहिलाय. त्याला बासरी आणि सेल्फी पॉइंट दाखवून तुम्ही परत पाठवणार, आणि डोंगर म्हणजे एवढंच असतं असं समजून तो घरी जाणार. शाळेच्या सहलीतली मुलं मी तिथे पाहिली आहेत. रानातून बाहेर आल्यावर अख्खी ओळ आपोआप थबकायची. बाईंना 'गप्प बसा' म्हणावं लागत नसे. आता मुलं गाण्याच्या तालावर नाचतात. त्यांचा काय दोष, वाजवल्यावर नाचणारच.

मागण्या साध्या आहेत.

स्पीकर उतरवा, बोल्ट काढा, आणि पुढे कुठल्याही माथ्यावर, कड्यावर, धबधब्यावर ध्वनियंत्रणा बसणार नाही असं लेखी धोरण करा. सुरक्षेची सूचना द्यायची असेल तर पाटी लावा, किंवा माणूस नेमा. माणूस नेमलात तर एकाला कामही मिळेल. आणीबाणीसाठी भोंगा हवा असेल तर तो आणीबाणीतच वाजू द्या.

माथ्याच्या आधीचा शेवटचा टप्पा बांधकामाविना ठेवा. काचेचा सज्जा, रोपवेचं स्थानक, दुकानं, यांतलं काहीही कड्यावरून दिसेल किंवा ऐकू येईल अशा अंतरात नको. ज्यांना चढता येत नाही त्यांच्यासाठी खालच्या रानातली सुगम वाट आधी करा, त्यांच्याशी बोलून करा, आणि तिलाही शांततेचे तेच नियम लावा.

रात्रीचे झोत रद्द करा. ड्रोन बंद. म्यूर वुड्ससारख्या पाट्या एका हंगामासाठी लावून पाहा, खर्च किरकोळ आहे.

आणि जो रकाना नाही तो घाला. १९६४ सालच्या अमेरिकेच्या 'विल्डरनेस' कायद्यात, म्हणजे अस्पर्श रानांच्या कायद्यात, एकांताची संधी हा अशा संरक्षित रानाचा एक निकष म्हणून चक्क लिहिलेला आहे. कायद्याच्या भाषेत ही गोष्ट बसते, तेव्हा तुमच्या प्रकल्प-अहवालातही बसेल. प्रत्येक प्रस्तावाबरोबर त्या जागेचा आजचा आवाज, रात्रीचा अंधार आणि प्रस्तावानंतरचा दोन्हींचा अंदाज जाहीर करा. मागणीचं सर्वेक्षण करणार असाल तर 'काहीही नको, आहे तसं राहू द्या' हा पर्याय सगळ्यांत वर छापा. निकाल काय येईल तो येईल, तो मला मान्य असेल.

दुसऱ्या टप्प्याचं काम तोवर थांबवा. या पत्राचं उत्तर मला घरी पाठवू नका. वाटेच्या तोंडाशी तुमचा सूचनाफलक आहे, निविदा तिथेच लावता. उत्तरही तिथेच लावा, सहीनिशी, म्हणजे वर जाणाऱ्या प्रत्येकाला वाचता येईल.

कळावे,
त्या वाटेवर चालणारी एक